सायकल आबांची, बेत आमचा

सहलीचे वर्णन आमच्यातल्या एकाने याच अंकासाठी लिहायला घेतले आहे. पारगड, आंबोली, नेसरी हे सगळे त्याच्या वाट्याला गेले. माझ्या वाट्याला उरली ती तयारी. संपादक मंडळातल्या मित्राला मी म्हटले, "तयारीत काय लिहिण्यासारखे असते?" तो म्हणाला, "तूच बघ." बघायला बसलो, तर सहलीचे पाच दिवस एका पानात मावतील आणि तयारीचे तीन महिने मावणार नाहीत, असे दिसू लागले.

या साऱ्याला सुरुवात झाली ती भूगोलाच्या तासाला. वाळवंटांवर बोलता बोलता सरांनी सहा तरुणांची गोष्ट सांगितली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगाची फेरी करायला निघाले. मेसोपोटेमिया आणि सिनाईची वाळवंटे त्यांनी सायकलीने ओलांडली. एक जण तेहरानहून मागे फिरला. अमेरिकेत पोचल्यावर एक तिथेच राहिला आणि एक घरी परतला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मात्र फेरी पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला आले. सत्तर हजारांवर किलोमीटर झाले होते. तास सुटला तरी बाकावरून कोणी उठेना. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "आपणही सहाच आहोत की!"

सहा जण म्हणजे कोण, ते सांगतो. नावे घालू नयेत असे मंडळींचे म्हणणे पडले, म्हणून आम्ही एकमेकांना हाक मारतो तीच लिहितो. चंदगडकर आणि बावडेकर हे वसतिगृहातले. इतिहास हा विषय घेतलेला, येता-जाता सनावळ्या ऐकवणारा म्हणून 'सनावळी'. शहराच्या पेठेतले दोघे, त्यांच्याकडे गिअरच्या सायकली. आणि कळंब्याचा मी.

पहिल्या बैठका कळंबा तलावाच्या बांधावर झाल्या. ऑगस्टचा महिना, तलाव भरलेला, पाऊस थांबून थांबून पडत होता. पेठेतल्या एकाने फोनवर ऑस्ट्रेलियाची माहिती काढून आणली होती. तिथे आर्थर रिचर्डसन नावाच्या गृहस्थाने १८९९ साली पर्थहून निघून १९०० साली अख्ख्या खंडाला सायकलीवरून वळसा घातला. तिथल्या नलारबॉरच्या माळावर आजही काही ठिकाणी एका मुक्कामाच्या जागेपासून दुसरी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर असते. मध्ये पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही. हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. मग चंदगडकर म्हणाला, "आमच्याकडं चला. पाणी भरपूर, झाडं भरपूर. माणूस मात्र शोधायला लागतंय." तिथेच पारगड ठरला.

आपल्या जिल्ह्याच्या नकाशात पारगड अगदी खालच्या टोकाला आहे. पलीकडे कोकण उतरते, गोवा हाकेच्या अंतरावर आणि कर्नाटकही दूर नाही. तानाजी मालुसऱ्यांच्या वंशजांची घरे या गडावर अजून नांदती आहेत. आम्ही कोल्हापूरकर उठल्यासुटल्या पन्हाळ्याला जातो. पारगडाला गेलेला आमच्या वर्गात चंदगडकर सोडून एकही नव्हता.

मार्ग असा आखला: कळंबा, मुदाळतिट्टा, गारगोटी, आजरा, मग संकेश्वर-बांदा रस्त्याने आंबोली. तिथून चौकुळ, इसापूर करीत पारगड. परतताना चंदगड, नेसरी, गडहिंग्लज. नेसरीसाठी सनावळी हटूनच बसला. १६७४ साली प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती जिथे पडले त्या जागेवरून न थांबता जाणे म्हणजे त्याच्या मते गुन्हा होता. सारी बेरीज सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली. पाच दिवस. वर्गणी आठशे रुपये.

कागदावर हे फार सोपे दिसले. पण एकेका ओळीवर आम्ही किती भांडलो म्हणून सांगू! पावसाळ्यात आंबोलीला जाण्यात अर्थ नव्हता. तिथला पाऊस म्हणजे पाऊस नव्हेच, कोंडून घातलेली शिक्षा. म्हणून दिवाळीनंतरचे दिवस धरले. तर दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. गारगोटी रस्त्याने उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या चालतात, कितीकांना मागे दिवा नसतो. म्हणून अंधारात सायकल चालवायची नाही असे ठरले. आजरा-चंदगड भागात हत्ती येतात, गवे तर येतातच; तेव्हा पहाटेही निघायचे नाही. मग दिवसाचे तास उरतात किती? चौकुळ-इसापूर रस्ता फोनवर छान निळ्या रेघेत दिसत होता. चंदगडकराने काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "रस्ता आहे, सायकलीची चाके चांगली असू द्या म्हणजे झाले." या वाक्यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

सामानाची यादी मी केली. दोन पंप, जादा ट्यूबा, सोल्युशन, ठिगळे, घासायला पॉलिश पेपर, पाने. भडंग, शेंगदाणे, गूळ. औषधे. झोपायला शाळांचे व्हरांडे आणि देवळे. चंदगडला मित्राचे घर. यादी मंडळींना पसंत पडली. त्या यादीत एका गोष्टीचा उल्लेख नव्हता आणि तो मी मुद्दामच केला नव्हता. माझी सायकल माझी नव्हती.

आमच्या घरात सायकल एकच. चोवीस इंची, काळी, दांड्याच्या ब्रेकची. तिच्या कॅरिअरला दोन्ही अंगांना लोखंडी आकडे आहेत आणि त्यांना दुधाचे कॅन लागतात. घरच्या दोन म्हशी, शेजारच्या गोठ्यातले थोडे दूध, आणि संभाजीनगरपासून मंगळवार पेठेपर्यंत अठरा घरचा रतीब. सकाळी आबा जातात, संध्याकाळी मी. आबांबरोबर दूध घालणाऱ्यांनी केव्हाच मोटारसायकली घेतल्या. आबा म्हणतात, पाय हायत तवर पेट्रोल कशाला?

आबा चौथी शिकले. आईने शाळा पाहिली ती आम्हा भावंडांना पोचवायला. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. याचा एक अर्थ असा, की कॉलेजात काय असते, काय नसते, हे मला विचारल्याखेरीज कळून घ्यायला आमच्या घरी दुसरा मार्ग नाही. मी म्हणेन ते कॉलेज. आणि हिवाळा म्हणजे दुधाचे दिवस. गंमत म्हणून पाच दिवस सायकल मागायला माझी जीभ रेटेना.

मी आबांना सांगितले, "कॉलेजची सहल हाय. जायाच लागतंय. मार्क हायत त्याला."

"किती?"

मी तयारी केली नव्हती. तोंडाला आले ते बोललो. "वीस."

"वीस म्हंजे कमी न्हवं," आबा म्हणाले. "जा मग."

दोन मिनिटांत विषय संपला. मला वाटले, सुटलो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. पहाटे चारला अभ्यासाला उठलो तर सायकल भिंतीला टेकलेली आणि आबा घरात नाहीत. कॅनही नाहीत. चाक दाबून पाहिले, हवा होती. साडेसातला परतणारे आबा त्या दिवशी नऊ वाजता आले. खांद्यावर कावड, दोन टोकांना दोन कॅन, आणि मानेजवळ सदऱ्याखाली कातडे लाल झालेले. मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "चालत जमतंय का बघून आलं. तुज्या वीस मार्काच्या वक्ताला आयत्या येळी घोटाळा नगं म्हून."

आबा चूळ भरता भरता म्हणाले, "जमतंय. सगळ्या घरात सांगून ठेवलंय. पोराची परीक्षा हाय, पाच दिस दूध जरा उशिरा यील. कोण काय म्हनलं न्हाई."

अठरा घरी!

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो खरा, पण कोणत्या तासाला काय झाले ते आठवत नाही. संध्याकाळी गोठ्यात आबा धार काढत बसले होते. मी मागे उभा राहून सांगितले, "आबा, मार्क न्हाईत. सहल कॉलेजची न्हाई. आमचं आमीच निघालोय."

चरवीतला धारेचा आवाज थांबला नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मग कशाला निघालाय?"

"बघायला."

"काय?"

मी पारगड सांगितला. ऑस्ट्रेलिया सांगितला. मुंबईच्या सहा जणांची गोष्ट सांगितली, साडेचार वर्षे ते कसे सायकलीवर होते तेही सांगितले. आबा म्हणाले, "त्यांच्या घरात म्हशी नसतील." मग चरवी उचलून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता बोलले, "त्ये ऱ्हाऊ दे. म्या अठरा घरात परीक्षा म्हून सांगितलंय. आता मी काय सांगू?"

शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. आजवर आबांच्या दुधात पाणी आहे असे कोणी म्हटलेले नाही आणि त्यांच्या बोलण्यातही नाही. ते पाणी मी घातले होते.

दुसऱ्या संध्याकाळी रतीब घालताना मीच दारोदार सांगत गेलो. परीक्षा नाही, मित्रांबरोबर सहलीला चाललो आहे. घरी मी खोटे बोललो, आबांना ठाऊक नव्हते. पहिल्या दारात अंगाला घाम फुटला. पाचव्या दारापर्यंत ते पाठ झाले. मंगळवार पेठेतल्या एक आजी तर पोट धरून हसल्या आणि येताना आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आण म्हणाल्या. बहुतेकांनी नुसतेच "बरं" म्हटले. एका घरी मात्र बाई म्हणाल्या, "परीक्षा म्हणून चालवून घेतलं असतं. मौजेसाठी आम्ही उशिरा दूध कशाला घ्यायचं?" त्यांनी महिन्याचा हिशेब केला आणि पिशवीचे दूध लावले. ते घर गेले ते गेलेच. रोजचे एक लिटर. बाईंचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

घरी येऊन सांगितले. आबा एवढेच म्हणाले, "सतरा ऱ्हायली."

आता मी जाणार नाही असे ठरवले आणि मित्रांना तसे कळवलेही. कारण मात्र सांगितले नाही. (हा अंक हाती पडेल तेव्हा त्यांना ते कळेल.) त्याच सुमारास पेठेतल्या एकाच्या घरी लग्न निघाले. मुंबईचे सहा निघाले तेव्हा तरी सहा होते. आम्ही जागेवरच चारवर आलो! बावडेकराने भाड्याची सायकल ठरवून विसारही दिलेला. सगळे माझ्यावर चिडले आणि एका रविवारी कळंब्याला येऊन धडकले.

आबा ओट्यावर होते. चंदगडकराने मला पटवण्यासाठी कागद पसरला आणि मार्ग वाचू लागला. आबा ऐकत होते. गडहिंग्लजचे नाव येताच म्हणाले, "तितनं मी म्हस घिऊन चालत आलोय. तीन दिस लागलं." मग त्यांनी कागद मागितला. वाचता फार येत नाही, पण बोट ठेवून एकेक गाव विचारले. कुठे थांबणार? किती वाजता? आम्ही अभिमानाने म्हणालो, दिवस मावळायच्या आत. आबांनी मान हलवली. "दिस मावळताना जागा हुडकायची न्हाई. चारला थांबायचं. पानी बघायचं, गावात कुनाला तरी सांगायचं आमी हितं हाय म्हून, मग उरल्या उजेडात काय गाव फिरायचं त्ये फिरा. म्हस असू द्या न्हाईतर सायकल."

त्या सगळ्या आराखड्यातला चारचा नियम तेवढा शेवटपर्यंत टिकला. बाकीचे अंदाज कसे कोसळले ते वर्णनाच्या लेखात येईलच.

मी जाणार की नाही याबद्दल आबा त्या रविवारी बोलले नाहीत, नंतरही नाहीत. निघायच्या दोन दिवस आधी सायकल घरात नव्हती. संध्याकाळी आली ती पुढच्या चाकाला नवा टायर, ब्रेकला नवे रबर आणि साखळीला तेल घेऊन. पैसे किती झाले हे विचारायचे धाडस मला झाले नाही. आई म्हणाली, "तांदळाचं इसरू नगंस, त्या आज्जीच्या."

निघायच्या दिवशी उजाडताना चौघे आमच्या दारात जमले. आबा कावड घेऊन केव्हाच शहराकडे गेले होते. सायकल बाहेर काढली आणि पिशवी बांधायला कॅरिअरकडे हात नेला, तर दोन्ही अंगांचे आकडे काढून ठेवलेले. तिथे फक्त गंज चढलेल्या खुणा होत्या. बाकीच्यांना घाई होती. मी पिशवी बांधली, टांग मारली आणि आम्ही कात्यायनीच्या रस्त्याला लागलो. त्या आकड्यांवाचून सायकल एवढी हलकी लागत होती की पहिला किलोमीटरभर मला तोलच सापडेना.