खळ, खाकी कागद आणि कॅनबेरा

१९७१च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, पुण्यातल्या आमच्या घरांना खळीचा वास होता. कणकेची खळ, तीत झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. खाकी कागद माळ्यावर गुंडाळून ठेवलेला असायचाच, पण तो जूनमधल्या वह्यापुस्तकांच्या कव्हरांसाठी. तो खिडक्यांच्या तावदानांना लागला. पुरला नाही तिथे रद्दी लागली, रद्दी संपली तिथे घोंगडी टांगली. "कराचीहून माझा देव्हारा बघायला कोण येतंय?" असं म्हणत का होईना, निरांजनापुढे पाट उभा करणारी आजी घरोघर होती.

ब्लॅकआउट म्हणजे कंदिलाची वात खाली, बोलणं खाली, आणि रेडिओ मात्र वर. गल्लीत शिट्टी फुंकत फिरणारे काका ओरडायचे, "दुसरा मजला, दिवा!" दुसरा मजला कुणाचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं. मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी तो सायकलच्या डायनॅमोच्या दिव्यालाही फासला. तो दिवा मुळात उजेड देत नसे ही गोष्ट वेगळी. पत्राच्या पाकिटावर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट, तेही खळीनेच चिकटवायचं.

आणि लोहगावच्या विमानतळाकडून विमानाचा आवाज आला की म्हणायचं, "आपलंच आहे." कॅनबेरा! या बाँबफेकी विमानाचं नाव आम्हाला भाजीवाल्याच्या नावाइतकं ओळखीचं. थोरले सांगायचे, गोवामुक्तीच्या लढाईत १८ डिसेंबर १९६१ला इथूनच बारा कॅनबेरा गोव्याला गेली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकून आली. ते सांगताना प्रत्येकाने ती बाराच्या बारा स्वतः मोजलेली असायची.

आत कोण बसतं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. दोन माणसं बसायची. वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली. त्याची खुर्ची वेळ पडली तर त्याला बाहेर फेकायची. वाट दाखवणारा नॅव्हिगेटर पुढे नाकाडात. त्याला तशी खुर्चीच नव्हती. विमान पडू लागलं तर त्याने पॅराशूटसकट दारापर्यंत पोचायचं आणि उडी मारायची, तेवढा वेळ मिळाला तर. आम्ही पांघरुणात "आपलंच आहे" म्हणून कूस बदलायचो, तेव्हा वर हे असं चाललेलं असायचं.

अशाच एका कॅनबेराचे वैमानिक विंग कमांडर पद्मनाभ गौतम. १९६५च्या लढाईत महावीर चक्र. १९७१ला बाँबफेकी विमानांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख, तरी स्वतः पुढे होऊन पाकिस्तानातल्या मियाँवालीच्या विमानतळावर आणि माँटगोमेरी-रायविंडकडच्या रेल्वे यार्डांवर गेले, आणि पुन्हा महावीर चक्र. हे पदक दोनदा मिळालेली माणसं देशात अवघी सहा.

लढाई थांबली तशी आम्ही जुन्या ब्लेडने तावदानं खरवडायला बसलो. मोरचुदाची खळ काही निघेना. काही घरांत कोपऱ्यांतले खाकी तुकडे पुढे कितीतरी वर्षं तसेच होते. गौतमांचं उडणं थांबायचं कारण नव्हतं, शांततेतही विमानं उडवावीच लागतात. दोन लढायांतून सुखरूप आलेला हा माणूस २५ नोव्हेंबर १९७२ला पुण्यातच, मिग-२१ कोसळून गेला.

तोवर आमच्या घरांतून युद्ध मागे पडलं होतं. दुष्काळ होता. रेशनच्या रांगेत लाल मिलो, गावाकडे सुकडी, आणि घरोघर त्या मिलोच्या भाकरीला नावं ठेवणं. वाडेकरच्या क्रिकेट संघातली अकरा नावं तेव्हा आम्ही झोपेतून उठवलं तरी सांगितली असती. गौतम हे नाव आमच्यातल्या बहुतेकांनी ते गेल्यावरच पहिल्यांदा वाचलं.