मस्टरवर एकच नाव

क्षीरसागर हे आडनाव यादीत कुठं यावं? शाळेच्या भिंतीवरच्या वर्णमालेला विचाराल तर पार शेवटी, ज्ञच्या अलीकडे. संगणकाला विचाराल तर ‘कौ’ची आडनावं संपली की लगेच, खानविलकरांच्या डोक्यावर. त्याच्या लेखी क्ष नावाचं अक्षरच नाही. क, मग हलन्ताची खूण, मग ष, अशी तीन चिन्हं ओळीनं उभी आहेत, एवढंच. काळ्यांची गत वेगळी. युनिकोडच्या तक्त्यात ळला लच्या शेजारची जागा मिळाली आहे, त्यामुळे काळे काशीकरांच्या आधी लागतात. वर्णमालेप्रमाणे ळ हच्याही मागे, म्हणजे काशीकर, कासार सगळे आटपल्यावर काळ्यांचा नंबर. वर्गणीच्या यादीत नाव नेहमीच्या जागी दिसलं नाही, की लालबागचा माणूस पुढची यादी वाचत बसत नाही, थेट भांडायला येतो.

या भांडणांवर उतारा म्हणून मी एक पॅकेज लिहिलं. जावास्क्रिप्टमध्ये, छोटंसं. गिरगावातल्या एका वाचनालयाची सभासदयादी नीट लागावी, एवढंच निमित्त. जावास्क्रिप्ट ज्यावर चालतं त्या नोडबरोबर तेव्हा फक्त इंग्रजीचे नियम येत; बाकीच्या भाषांचे नियम मुळातच सोबत यायला लागले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, तेराव्या आवृत्तीपासून. वाचनालयाचं काम झालं, पॅकेज गिटहबवर चढवलं, एमआयटी परवाना लावला. त्या परवान्यात मोठ्या कॅपिटल अक्षरांत बजावलेलं असतं की वस्तू आहे तशी घ्या, हमी कसलीही नाही. ते कुणी वाचत नाही. ‘सर, अर्जंट आहे’ हा निरोप मात्र रात्री अकरालाही येतो.

पुढं एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी कळवलं की क्ष हा कमध्येच धरायला हवा. ते जोडाक्षर आहे, स्वतंत्र वर्ण नव्हे. एका शाळामास्तरांचं म्हणणं नेमकं उलट. दोघांचंही खरं, म्हणून पॅकेजमध्ये एक पर्याय वाढला. असा एकेक पर्याय म्हणजे कुणातरी माणसाचा रास्त हट्ट, आणि तो एकदा घरात घेतला की पुढं जन्मभर सांभाळायचा.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या कुऱ्हाड्यांनी. ऱ्हा लिहिण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ घालतो, त्यापुढं हलन्त आणि ह. कुणाचा साधा र घालतो, हलन्त घालतो आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह सरकवून देतो. कुणाचा र आणि नुक्ता सुटे सुटे ठेवतो. स्क्रीनवर सगळे कुऱ्हाडे तंतोतंत एकसारखे; भिंग लावून पाहा, फरक सापडणार नाही. संगणकाला मात्र ती वेगवेगळी माणसं. एकाच कुऱ्हाड्यांच्या नावानं दोन पावत्या निघतात, एक भरलेली आणि एक थकलेली, आणि थकबाकीची यादी नोटीसबोर्डावर लागते. युनिकोडचं प्रमाणीकरण सुट्या नुक्त्याला जागेवर आणतं, पण त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. ते कुठं काढायचं आणि कुठं ठेवायचं, हे ज्यानं त्यानं आपलं आपण ठरवायचं. मी ठरवलेले नियम मोजक्या ओळींत मावतात. त्या ओळींवर मी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात एखाद्यानं कादंबरी लिहिली असती. तीही कुणी विकत घेतली नसती, ही गोष्ट वेगळी.

बरं, लिहून झालं म्हणजे झालं, असंही नाही. तुम्ही स्वस्थ बसलात तरी खालची जमीन सरकत असते. ‘क्षमा’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, दोन. युनिकोडच्या जुन्या नियमानं मात्र तीन तुकडे पडत: क्, ष, मा. पावतीवरच्या चौकटीत नाव मावतं का हे बघायला मी ते तुकडे जोडणारा कोड लिहिला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली, नियम सुधारला आणि जोडाक्षर एकसंध धरलं जाऊ लागलं. जगाला पहिलीतल्या पोराचं म्हणणं पटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. माझा जोडणारा कोड त्यामुळे बिनकामाचा झाला, तरी काढून टाकता येईना. कारण गावोगावच्या जुन्या फोनांत जुनाच नियम बसलेला. तेव्हा नवा नियम नव्यांना, जुना जुन्यांना, आणि दोघांची टेस्ट वेगळी. देखभाल म्हणतात ती हीच. नवीन काही दिसत नाही, पण न केली तर मोडलेलं सगळ्यांना दिसतं.

आई एकदा म्हणाली, “पैसे कोण देतं रे याचे?”

“कुणी नाही.”

“मग ओरडतात कशाला तुझ्यावर?”

याला उत्तर नाही. आणि तरीही शेवटची लोकल चिंचपोकळी सोडून गेली, गल्लीतला कॅरम थांबला, उन्हाळ्यात मसाल्याच्या डंखांचा आवाज बंद होऊन नुसता मिरचीचा खाट हवेत राहिला, की मी लॅपटॉप उघडतो. एक टेस्ट लाल असते. ती का लाल आहे हे या घटकेला जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसतं, आणि दुसऱ्या कुणाला त्याची फिकीरही नसते. तासाभरानं ती हिरवी होते. मग बेळगावात, नागपुरात, न्यू जर्सीच्या कुठल्याशा मराठी मंडळात कुणा कुऱ्हाड्यांचं नाव एकदाच आणि आपल्या जागी उमटणार असतं, आणि त्यात काही घडलं आहे हे त्यांना कधी कळणार नसतं. या सुखाची चटक वाईट आहे. नोकरीत ते मिळत नाही. तिथं प्रत्येक हिरव्या टेस्टची मीटिंग होते.

माझी नोकरी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. आजोबा गिरणीत होते. लागले ते बदली म्हणून. सकाळी भोंग्याच्या आधी गेटावर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही की जॉबर बोट दाखवणार, मग त्या माणसाचे साचे आज तुमचे. कुणी दांडी मारलीच नाही तर परत घरी. आपल्या पोटासाठी दुसऱ्याच्या तापाची वाट बघायची, ही त्या दिवसांची सल त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली. १९८२ च्या संपानं पुढं कायम आणि बदली हा भेदच पुसून टाकला. पण मी जसजसा या पॅकेजात रुतत गेलो, तसतशी मला त्या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसायला लागली. साच्यावरचा माणूस आजारी पडू शकतो, त्याला गावी जावं लागतं, त्याचं लग्न असतं, हे गिरणीनं धरलेलंच होतं. म्हणून गेटावर माणूस उभा असे. माझ्या पॅकेजच्या गेटावर कोणी नाही.

आमच्या धंद्यात यासाठी एक मोजमाप आहे, बस फॅक्टर. किती माणसं बसखाली आली तर प्रकल्प बंद पडेल? माझा आकडा एक. आणि मी रोज लालबागच्या उड्डाणपुलाखाली रस्ता ओलांडतो.

हे केवळ माझ्यासारख्या किरकोळ माणसांचं असतं तर लिहिण्याजोगं नव्हतं. पण जगाचं वेब याच हिशेबावर चालतं. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची खोट उघडी पडली, तेव्हा कळलं की बँकांपासून दुकानांपर्यंत सगळ्यांची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर होती, तिथं पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता आणि वर्षाच्या देणग्या जेमतेम दोन हजार डॉलर. मार्च २०१६ मध्ये एका चिडलेल्या प्रोग्रामरनं आपली सगळी पॅकेजं एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं एक होतं, आणि तेवढ्यानं जगभरचे मोठमोठे प्रकल्प काही तास अडून बसले.

आणि एक्सझेडची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. फाइली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर लासे कॉलिन या माणसानं वर्षानुवर्षं एकट्यानं सांभाळलं. थकला होता, तब्येत बरी नव्हती, तसं त्यानं जाहीर सांगितलंही. अशात जिया टॅन या नावाचं कुणीतरी मदतीला आलं. नेमानं, शांतपणे, दोनेक वर्षं चांगलं काम केलं. बाजूनं काही अनोळखी नावं कॉलिनवर दबाव आणत राहिली: इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्यानं किल्ली दिली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला आपलं लॉगिन अर्ध्या सेकंदानं रेंगाळतंय असं जाणवलं, त्यानं माग काढला, तेव्हा त्या मदतनिसानं पेरलेला चोरदरवाजा सापडला. गेटावर बदली उभा राहिला होता, तो असा.

त्यामुळे ‘मदत घ्या ना’ असं कुणी सहज म्हणालं की मला हसू येतं. मदतीच्या नावानं येतं ते पुष्कळ येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये फुकटच्या टीशर्टसाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक दुरुस्त्यांचा, म्हणजे पुल रिक्वेस्टांचा, पाऊस पडला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पाच्या रीडमीत आपलं नाव घालून पाठवणाऱ्यांची रांग लागली. दोन्ही वेळा त्यात आपली पोरं बरीच होती, आणि एखाद्या शिकवणीच्या व्हिडिओतली कृती ती जशीच्या तशी गिरवत होती. माझ्याकडेही येतात अशी. रीडमीत एक स्वल्पविराम, शेवटी नाव आणि कॉलेज. मी रागावत नाही. आजोबा गेटावर उभे राहायचे तेव्हा त्यांनाही साचा चालवता येत नव्हता. मी प्रत्येकाला एकच उत्तर पाठवतो: हे घेता येणार नाही, पण कुऱ्हाडे चुकीचा लागतोय अशी एक यादी शोधून दाखव. बहुतेक जण परत येत नाहीत. विक्रोळीच्या एका मुलीनं मात्र खरंच शोधून दाखवली, आपल्या आजीच्या भजनी मंडळाची. आता ती इश्यूंना माझ्याआधी उत्तर देते. मर्जचा अधिकार तिला अजून दिलेला नाही. देईन, पण एक्सझेडनंतर ही घाई कुणी करू नये.

पैशाचंही बोलतो, नाहीतर आईला वाटेल मी टाळलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये झीरोधानं फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला दहा लाख डॉलर, जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी. भारतातून असं कुणी करावं याचं कौतुकच आहे. मुंबईच्याच रुषभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी लिहायला घेतलेलं सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट झालं, त्याभोवती कंपनी उभी राहिली, शेकडो हात लागले. पण त्यातून पगार निघतो, कारण हिशेब ठेवणं ही धंद्याची गरज आहे. मराठी अक्षरं जागेवर लावणं ही कुणाच्या धंद्याची गरज नाही. फोनवर मराठी कीबोर्ड येण्याआधीच्या काळात ॐकार जोशींचं गमभन कितीतरी मराठी संकेतस्थळांच्या चौकटींमागे मुकाट्यानं चालत होतं. आपल्यातल्या अनेकांनी वेबवर पहिलं मराठी वाक्य त्याच्यावर टाइप केलं. किती जणांनी त्यांना तसं कळवलं असेल?

तेव्हा एवढंच सांगायचं आहे. तुमच्या संस्थेची, मंडळाची, ग्रंथालयाची साइट ज्या मुलानं बांधली त्याला विचारा, यात कुणाकुणाची फुकटची पॅकेजं आहेत. त्यातलं एखादं एकट्या माणसाचं निघेल. त्याला आभाराचं पत्र नको, पैसेही नंतर पाठवा. काही मोडलेलं दिसलं तर नीट लिहून कळवा: काय टाइप केलंत, काय यायला हवं होतं, काय आलं, फोन कुठला, ब्राउझर कुठला. चार ओळी पुरतात. आणि तुमच्यापैकी कुणाचं आडनाव गोऱ्हे, वऱ्हाडपांडे किंवा कुऱ्हाडे असेल, तर आधी आपलंच नाव दोन वेगवेगळ्या फोनांवर टाइप करून शोधून बघा. सापडलं नाही, तर ते मला कळायला हवं आहे.