लेकीचा प्रोजेक्ट, जबल हफीत आणि डॉ. जयकर

पोस्ट जरा लांबली आहे, मुलं झोपल्यावर निवांत वाचा.

लेक सहावीत आहे, जन्म शारजाचा. मागच्या महिन्यात तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला: उंच पर्वतावरच्या टुंड्रातला, तुमच्या देशातला एक प्राणी. डोंगरावर जिथे झाडं संपतात आणि फक्त खुरटं गवत, शेवाळ आणि थंडी उरते, तो पट्टा म्हणजे हा टुंड्रा. मी खूश! म्हटलं, सोपं आहे. लडाखचा हिमबिबट्या घे, नाहीतर भरल घे, मार्मोट घे. चित्रं ढीगभर मिळतील.

ती म्हणाली, "पण आई, मी तिथे कधी गेलेच नाहीये. इथलाच डोंगर घेतला तर चालेल ना?"

खरं सांगते, मला लागलं ते. दर जुलैत साताऱ्याला नेतो, आजीशी रोज व्हिडिओ कॉल, रविवारी मराठी वर्ग, आणि "माझा देश" म्हटल्यावर हिला इथला डोंगर आठवतो. पासपोर्ट भारताचा, राहणं आमच्या व्हिसावर. इथे जन्मली म्हणून इथली होत नाही, हे अकरा वर्षांच्या पोरीला कसं समजावायचं? तुमच्याकडे कुणी समजावलं असेल तर खाली नक्की लिहा. मी त्या रात्री नुसतं "बघू" म्हटलं आणि शोधायला बसले.

टुंड्रा इथे नाही, हे उघड आहे. यूएईतला सगळ्यात उंच डोंगर जबल जैस. तिथे 2009 आणि 2017 मध्ये बर्फ पडला तेव्हा लोक गाड्या घेऊन बघायला धावले होते. पण टुंड्रामागचं गणित इथेही लागू पडतं. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे ज्याला खालचा उन्हाळा सोसत नाही, त्याने वर जायचं. हजर पर्वतात असं वर राहणारा एक प्राणी आहे, अरबी ताहर. बकरीसारखा, तांबूस तपकिरी, पाठीवर राठ केसांची रांग. खांद्यापाशी जेमतेम दोन फूट उंच. जरा जास्त पाऊस आणि सावली मिळते म्हणून उत्तरेकडचे कडे त्याला आवडतात. मोठे कळप नाहीत, दोनचार जणांचं कुटुंब. (आपल्या फ्लॅटसारखंच!) ओमान आणि यूएई सोडून जगात कुठेही जंगली अवस्थेत सापडत नाही, आणि आता संकटग्रस्त आहे. मोकाट शेळ्या त्याचा चारा खाऊन टाकतात.

मग त्याचं शास्त्रीय नाव वाचलं. अरबिट्रॅगस जयकरी.

जयकरी? मी चष्मा पुसून परत वाचलं. हो, आपलेच जयकर. डॉ. आत्माराम सदाशिव जयकर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले सर्जन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीसेक वर्षं मस्कतला नोकरीला होते. दवाखाना सांभाळून मासे, साप, सरडे गोळा करायचे आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवायचे. 1894 मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी या ताहरला त्यांचं नाव दिलं. एक सरडा, वाळूतला एक साप आणि एक समुद्रघोडाही त्यांच्या नावाने आहेत. शिवाय ओमानी म्हणी जमवल्या, आणि अद-दमीरीच्या प्राण्यांवरच्या जुन्या अरबी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. नोकरीसाठी आखातात आलेला माणूस! आपण इतकी वर्षं राहून शेजाऱ्यांच्या भाषेतली एखादी तरी म्हण शिकलो का? मी तरी नाही.

लेकीला सांगितलं, तर तिला जयकरांपेक्षा दुसरीच गोष्ट आवडली. हिमालयातला ताहर, निलगिरीतला ताहर आणि हा, तिघे एकाच घरातले असं शंभरेक वर्षं मानत होते. 2005 मध्ये डीएनए तपासला तर हिमालयातला निघाला बोकडांच्या जवळचा, निलगिरीतला मेंढ्यांच्या आणि अरबी ताहर उत्तर आफ्रिकेतल्या औडादच्या. "म्हणजे नातं लांबचं, पण डोंगरात राहून सारखे झाले?" असं विचारून ती उत्तराची वाटही न बघता लिहायला बसली.

शुक्रवारी जबल हफीतला गेलो. त्या डोंगरावर ताहर आहेत, पण आम्हाला एकही दिसला नाही. दिसणारही नव्हता, दगडाच्याच रंगाचा तो. शेवटी अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयात बघितला. लेक अर्धा तास तिथून हलेना.

प्रोजेक्टच्या कागदावर "देश" असा एकच रकाना होता. तिने "ओमान, यूएई" लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात "नाव: मराठी". मी काही खोडलं नाही.

रात्री सासूबाईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्यांना जयकरांचं फार कौतुक वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात त्या जनावराला पाणी मिळतं का गं?"

"दोन-तीन दिवसांनी एकदा खाली उतरतो, आजी," लेक म्हणाली. "पितो आणि परत वर जातो."