स्वयंपाकघराचा नकाशा कोणी काढायचा?

भगिनींनो, घर बांधायला काढले की घरात काय बोलणे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दरवाजा सागवानी की लोखंडी, स्लॅब किती इंची, बाहेरून रंग कोणता, हे सगळे ठरते. स्वयंपाकघराचे मात्र शेवटी, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशात भागवले जाते. बाईच्या आयुष्यातले रोजचे चार-पाच तास तिथे जातात, तरी तिला कोणी विचारत नाही. यंदा आम्ही घरामागे आठ बाय दहाचे नवे स्वयंपाकघर बांधले. त्यात जे शिकायला मिळाले ते आपल्या भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आमचा लोहारा तालुका कोरडवाहू. इथे दमटपणाची काय गोष्ट, असे मुंबईकरांना वाटेल. उन्हाळ्यात इथे ओठ फुटतात, हे खरे. पण मृगापासून दसऱ्यापर्यंत आमच्या सिमेंटच्या घरात मीठ पाझरते, तिखटाला बुरशी धरते, भिंतीवर काळे डाग उठतात. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणतात, "माळवदाच्या घरात असलं काई नव्हतं बाई." त्यांचे म्हणणे मी आधी जुन्या माणसाचे बोलणे म्हणून सोडून देत असे. विचार केल्यावर त्यातले तथ्य ध्यानात आले.

माळवदाच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड-मातीच्या. माती दमटपणा शोषून घेते आणि ऊन पडले की सोडून देते. स्वयंपाकाच्या जागी छताला भोक ठेवलेले असे, त्याला आमच्याकडे साणं म्हणतात. चुलीचा धूर आणि वाफ त्यातून वर निघून जाई. सगळा धूर जात नसे. आत्यांची छाती आज जी वाजते, ती त्या चुलीपुढे गेलेल्या वर्षांमुळेच. म्हणून जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. पण हवा बाहेर जायला वाट मात्र होती.

ती घरे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. चारच्या सुमारास धरणी हलली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत जाड भिंती आणि मातीचे जड छप्पर माणसांच्या अंगावर आले. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूर त्या वेळी उमरगा तालुक्यात होते, लोहारा तालुका नंतर झाला. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. आपल्या समाजात जमीन कोणाकडे होती? म्हणून बहुतेकांच्या वाट्याला अडीचशे फूटच आले. खाणारी तोंडे मात्र जमिनीच्या हिशोबाने कमी-जास्त नव्हती.

मी १९९८ साली सून म्हणून या घरात आले. दोन खोल्या, ठोकळ्यांच्या भिंती, वर सपाट स्लॅब. घर मजबूत, यात वाद नाही. पण आतल्या खोलीत चूल पेटवली की धूर स्लॅबला टेकून पुन्हा खाली यायचा. वर्षभरात सगळी आळी चूल घेऊन मागे पत्र्याच्या शेडात गेली. पावसाळ्यात शेड गळायचे, मग आम्ही पोत्याचा आडोसा करून भाकरी भाजायचो.

त्याच काळातली एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. जी गावे हलवली नाहीत, तिथली घरे दुरुस्त आणि भक्कम करायचा कार्यक्रम झाला. त्यात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. त्या बायका घरोघर जाऊन माहिती सांगत, बांधकामावर लक्ष ठेवत. ज्या बाईने कधी गवंड्यासमोर तोंड उघडले नव्हते, तिने सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारायला सुरुवात केली. बांधकाम बाईला कळत नाही ही समजूत आपल्याच दोन जिल्ह्यांत तेव्हाच खोटी ठरली आहे.

आता गॅसचे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि आपल्या पुष्कळ घरांत सिलिंडर आला. धूर गेला, हे मोठेच काम झाले. पण गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, हे फार थोड्या जणींना माहीत असते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्त वाफ हवेत मिसळते. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत वीस-बावीस लिटर पाणी, एक मोठी घागर भरून, आपल्या भिंती आणि डब्यांवर जाते. वरण-भाताची वाफ वेगळीच. धूर दिसतो म्हणून आपण दार उघडतो. वाफ दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात खिडकी लावून घेतो. नंतर भिंत ओली झाली की गवंड्याला बोल लावतो.

दमट हवेत कसे राहायचे हे मला मुंबईच्या माझ्या आक्काने शिकवले. ती चाळीत एका खोलीत पस्तीस वर्षे राहिली. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, तशीच तिचीही. एका कोपऱ्यात मोरी, शेजारी ओटा, वर माळा. मुंबईची हवा बारा महिने दमट, पावसात तर विचारू नका. पण तिच्या डब्यात कधी पोरकिडा दिसला नाही. तिचे नियम साधे होते. मांडणी भिंतीला चिकटवायची नाही, मागे चार बोटे जागा सोडायची. मीठ चिनी मातीच्या बरणीत. तिखट-मसाला महिन्याला पुरेल एवढाच बाहेर काढायचा. लोखंडी तवा धुतला की गरम करून तेलाचा बोळा फिरवायचा. ओले फडके रात्री ओट्यावर ठेवायचे नाही. आणि लाकडी भुशाच्या फळीचे कपाट कितीही स्वस्त मिळाले तरी मोरीजवळ आणायचे नाही, ते पाणी पिऊन फुगते.

आमचे काम निघाले तेव्हा आमच्या ह्यांच्या मनात मॉड्युलर किचन होते. कोणाकडे तरी पाहून आले होते. चकचकीत दारे, आत ट्रॉल्या. मी म्हटले, "दारं दिसायला छान, पण आत हवा जाणार कुठून? ओली भांडी आत कोंडली की पावसाळ्यात वास मारतील." मग ठरले ते असे. ओट्याखाली कडप्प्याचे खण, पुढे दार नाही, फक्त पडदा. भांड्यांना स्टीलची उघडी मांडणी. लाकूड कुठेच नाही. ओट्यावर ग्रॅनाइट टाकला, कारण शहाबादी काय आणि कडप्पा काय, दोन्ही चुनखडीचे दगड. चिंच-लिंबू सांडले की डाग खातात. ज्यांना ग्रॅनाइट परवडत नाही त्यांनी शहाबादी घालावी, पण आंबट लगेच पुसावे.

ओट्याच्या उंचीवरून मिस्त्रींशी वाद झाला. ते म्हणाले, "वहिनी, चौतीस इंच ठरलेलीच असती." मी चार फूट दहा इंचांची. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, हात कोपरात वाकवला आणि मुलीने टेपने मोजले. कोपर साडेछत्तीस इंचांवर आला. कामाचा ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत. आमचा साडेएकतीसवर आला. सिंकचे भांडे खोल असते, म्हणून त्याची कड थोडी उंच ठेवली, नाहीतर भांडी घासताना कंबर मोडते. गॅसची शेगडीच पाच-सहा इंच उंच, वर तवा, म्हणून ती जागा खाली घेतली, सत्तावीस इंचांवर. त्याच खालच्या भागात काटवट बसते. ज्वारीचे पीठ मळायला अंगाचा जोर लागतो. उंच ओट्यावर पोळी होते, भाकरी होत नाही. तयार नकाशे काढणाऱ्याने बहुधा भाकरी थापलेली नसते.

हवेचे असे केले. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. खिडकी त्याच बाजूला ठेवली, वर दोन फुटांचा छज्जा, म्हणजे पावसातही ती उघडी राहते. शेगडी खिडकीपुढे नाही, उत्तरेच्या भिंतीला, नाहीतर वाऱ्याने ज्योत फडफडते. शेगडीच्या वर, छताजवळ एक्झॉस्ट पंखा. वीज नसेल तेव्हासाठी त्याच्या शेजारी जाळीचा झरोका. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट हवी. आत्या म्हणाल्या, "हे तर भिंतीतलं साणं झालं!" खरेच होते ते. आणखी एक जाळी भिंतीत अगदी खाली, जमिनीलगत ठेवली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीवर साचतो. म्हणून खालूनही वाट पाहिजे आणि सिलिंडर बंद कपाटात कोंडू नये.

आपला भाग भूकंपाचा आहे, हे विसरून चालणार नाही. नवी खोली जुन्या घराला नुसती टेकवली नाही. जोत्यावर, खिडकीच्या डोक्यावर आणि छताखाली लोखंड घालून सिमेंटचे पट्टे सलग फिरवले. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट दूर ठेवली. जड पातेली खालच्या खणात, डोक्यावर काही नाही. मांडणी खिळ्यावर अडकवलेली नाही, बोल्टने आवळलेली आहे. भिंतींना आतून चुना दिला. चुन्याच्या भिंतीतून ओल निघून जाते आणि बुरशीला चुना मानवत नाही. तेलरंगाखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

धान्याबद्दल एक कळकळीची सूचना. ज्वारी कोठीत भरण्याआधी उन्हात वाळवून दाताखाली फोडून पाहावी, कडकन फुटली पाहिजे. धान्यात पाण्याचा अंश बारा टक्क्यांच्या वर गेला की कीड आणि बुरशी धरते. कोठी जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा फळीवर ठेवावी. बुरशी आलेले, कडवट शेंगदाणे "चटणीत चालतील" म्हणून वापरू नका. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते. ते भाजल्याने पुरते जात नाही आणि यकृताला मारक असते. गरिबाला दाणा फेकवत नाही, हे मला कळते, पण दवाखाना त्याहून महाग पडतो.

सिंकला नळ जोडला. चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्यांच्या लेकीच्या स्वयंपाकघरात नळ असणे ही माझ्या मते चैनीची वस्तू नाही. सांडपाणी पाइपाने परसात नेले, तिथे आता केळी आणि अळू आहे. उघडी गटार नाही म्हणून डासही कमी.

चूल पुरती गेली असे मी सांगणार नाही. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की आमच्याकडे आजही चूल पेटते, आंघोळीचे पाणी तर तिच्यावरच तापते. म्हणून मागच्या शेडात तिला पत्र्याचे धुराडे बसवले आणि आत्यांना तिच्यापुढे बसायची बंदी केली. या पावसाळ्यात त्यांचा खोकला थांबला नाही, पण रात्री त्या झोपू लागल्या. ओट्याच्या खालच्या भागापाशी स्टूल घेऊन बसतात आणि माझी भाकरी जाड झाली म्हणून मला रागावतात.

या सगळ्याला फार पैसा लागला असे नाही. खिडकी कुठे, जाळी कुठे, ओटा किती उंच, याला सिमेंट तेवढेच लागते. फक्त आधी विचार करावा लागतो आणि ज्या बाईला तिथे उभे राहायचे आहे तिला विचारावे लागते. बंधूंनो, तुमच्याकडे काम निघाले तर गवंड्याला बोलावण्याआधी घरातल्या बाईच्या हातात टेप द्या. आणि भगिनींनो, तुम्हीही "तुम्हाला बरं वाटेल तसं करा" असे म्हणू नका. कोपर मोजा, वारा कुठून येतो ते पाहा, खडूने जमिनीवर ओटा आखा आणि एक दिवस त्या रेघेपाशी उभे राहून खोटा स्वयंपाक करून बघा. हात कुठे अडतो ते लगेच कळेल. खडूची रेघ पुसता येते, कडप्पा पुसता येत नाही.