बावन्न माणसांची कॅसेट

अब्बांच्या सायकल दुकानात एक टेपरेकॉर्डर होता. सिरसाळ्यातून तेलगावकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून दुकान, पुढं पंपाची जागा, आत भिंतीला टांगलेले टायर आणि टायरांच्या खाली लाकडी फळीवर कॅसेटींची रांग. बहुतेक कव्वाल्या. त्यातच एक मराठी कॅसेट होती, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. तिची फीत इतक्या वेळा अडकली होती की अब्बा गिऱ्हाईक नसलं की पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे. मी तेव्हा उर्दू शाळेत दुसरी-तिसरीत असेन. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी अशी आमची जीभ तीन ठिकाणी वाटलेली. पण त्या कॅसेटमधली मराठी पुस्तकातली नव्हती. ती आमच्या बाजारातली, एस.टी. स्टँडवरची मराठी होती. ती ऐकून अम्मी ज्वारी निवडता निवडता हसायची आणि खडे तसेच राहून जायचे.

मला वाटायचं, ही मोठी मंडळी असतील. म्हातारे, बाया, पोरं, गोरे साहेब, सगळे एका खोलीत बसून बोलत असतील. एकदा अब्बांना विचारलं, “अब्बा, इसमें कित्ते लोगां हैं?” अब्बा म्हणाले, “एक.” मी विश्वास ठेवला नाही. अब्बा मुलांची चेष्टा करायचे, तशीच ही एक, असं धरून चालले.

पुढं कळलं की खरोखर एकच माणूस होता. डॉ. लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख. हा प्रयोग त्यांनी स्वतः लिहिला, १९७९ पासून केला, आणि त्यात एकटेच बावन्न माणसं होऊन उभे राहत. गिनीज बुकानंही त्याची नोंद घेतली. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला जातं, एवढीच गोष्ट. पण बाई बोलायची तेव्हा बाईच बोलायची, आणि म्हातारा खोकला तर आमच्या गल्लीतला म्हातारा खोकायचा. २००९च्या फेब्रुवारीत ते गेले. मी त्यांना रंगमंचावर कधी पाहिलं नाही. मी फक्त ऐकलं.

आमच्या घरात त्यांच्यावरून कायम वाद व्हायचा. अब्बांना त्यांच्या कलेइतकाच त्यांच्या नोकरीचा अभिमान. “प्रोफेसर आदमी. मुंबईकू जाके नै बैठा. बच्चोंकू पढाया और अपने लोगोंकू हसाया.” भाईजानला हे पटायचं नाही. भाईजानचं मोबाईलचं दुकान आहे, तो सिनेमाचा माणूस. त्याचं म्हणणं, एवढी ताकद असलेला माणूस सिनेमात उतरला असता तर दिल्ली-लखनौपर्यंत नाव झालं असतं. “आवाज कॅसेट में रह गया अब्बा, चेहरा किसकू मालूम?” त्यावर अब्बा म्हणाले होते, “चेहरे बावन थे बेटा. कौनसा याद रखते लोगां?”

या उत्तरावर भाईजान गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे. अब्बांपुढं किती बोलायचं, म्हणून.

शाळेतही मधल्या सुट्टीत हाच विषय निघायचा, फक्त नावं बदलायची. आमच्याकडं मराठी शिकवायला एक सर होते, ते डॉ. श्रीराम लागूंचे भक्त. कान-नाक-घशाचा शस्त्रक्रियातज्ज्ञ, चालू व्यवसाय सोडून १९६९ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी पूर्णवेळ नाटकात येतो आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ करतो, हे सांगताना सर खुर्चीतून अर्धे उठायचे. ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘सिंहासन’ इथपर्यंत सर खूश. पुढं मात्र तक्रार. हिंदी सिनेमात एवढ्या मोठ्या नटाला कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी वकील करून उभं केलं, हे त्यांना सहन व्हायचं नाही. मी म्हणायची, “सर, ‘घरौंदा’तला त्यांचा मालक बघा, फिल्मफेअर मिळालं त्याला.” सर म्हणायचे, “मॅडम, एक घरौंदा आणि बाकीचे किती?” याला माझ्याकडं उत्तर नसायचं. डॉ. लागू २०१९ मध्ये गेले त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

मी माझ्या बाजूनं पृथ्वीराज कपूरना आणायची. उर्दू-हिंदुस्तानी रंगभूमीचा हा पठाण सिनेमात पैसा मिळवायचा आणि नाटकात घालवायचा. १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स काढलं, सोळा वर्षं गावोगाव फिरवलं. खेळ संपला की स्वतः दारात झोळी धरून उभे राहायचे. सिनेमा हा त्यांचा ऊस आणि नाटक ही त्यांची ज्वारी, असं मी म्हटलं तेव्हा सर हसले. आमच्या भागात हे कुणालाही कळतं. उसावर पैसा येतो, पोट ज्वारीवर.

देशपांड्यांनंतर ‘वऱ्हाड’ संदीप पाठक यांनी उचललं. ते माजलगावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. सिनेमात, मालिकांत दिसणारा नट एकटा उभा राहून ती बावन्न माणसं पुन्हा जिवंत करतो म्हटल्यावर घरातला वाद मिटेल असं मला वाटलं. तो आणखी वाढला. भाईजान म्हणाला, सिनेमात दिसतो म्हणून लोक तिकीट काढतात. अब्बा म्हणाले, नाटकात मुरला म्हणून सिनेमात दिसतो. मला विचाराल तर दोघांचंही खरं. प्रशांत दामलेंनी २०२२च्या नोव्हेंबरात साडेबारा हजारावा प्रयोग केला. सिनेमाच्या भरवशावर न राहता नाटकावर आयुष्य उभं करता येतं, हे त्यांच्याकडं बघून म्हणता येईल. पण असा दामले एखादाच, आणि त्याला मुंबई-पुण्याचं नाट्यगृह लागतं. सिरसाळ्याला नाट्यगृह नाही. शाळेचं पटांगण आहे.

इथपर्यंत हे सगळं चहापुरतं होतं. कोण बरोबर, कोण चूक, यानं कुणाची चूल पेटत नव्हती की विझत नव्हती. मग माझा एक विद्यार्थी आला.

सातवीत असताना तो मराठीचा धडा वाचायचा तेव्हा प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायचा. गॅदरिंगमध्ये त्यानं एस.टी.चा कंडक्टर केला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या खऱ्या कंडक्टरनं उठून त्याला दहा रुपये दिले. वडील फळांचा गाडा लावतात. पोरगं बारावीनंतर विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायला गेलं. वडिलांनी मला विचारलं होतं, “आपा, ये कायका कोर्स है? इससे नौकरी लगती?” मी देशपांडे सरांचं नाव सांगितलं. कॅसेट त्यांनीही ऐकली होती. त्या एका नावावर त्यांनी फी भरली. हे मी विसरू शकत नाही, कारण नाव माझ्या तोंडून गेलं होतं.

त्याची पहिली अडचण ‘ळ’ची होती. आम्हा दखनी बोलणाऱ्यांची जीभ ‘ळ’वर अडते, बाजारात चालून जातं, रंगमंचावर चालत नाही. तो सुट्टीत आला की अब्बांच्या दुकानापुढं उभा राहून गावाचंच नाव घोकायचा. सिरसाळा, सिरसाळा, सिरसाळा. अब्बा म्हणायचे, “गाव यहींच है बाबा, कायकू बुलारा?” पण ‘ळ’ बसला. इतका बसला की राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकात त्याला पाटलाची भूमिका मिळाली. जमीन हातातून गेलेला, पण फेटा न उतरवणारा म्हातारा पाटील. मी तालीम पाहायला गेले होते. चोवीस वर्षांचा पोरगा पाय ओढत आला, खाटेच्या कडेवर बसला आणि नुसता बांधाकडं बघत राहिला. समोर बांध नव्हता, विद्यापीठाची भिंत होती. मला बांध दिसला. त्याचं नाव काय, आडनाव काय, हे त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी त्याची शिक्षिका असून.

त्याच आठवड्यात मुंबईहून बोलावणं आलं. एका वेब मालिकेत काम. चार प्रसंग, पंधरा हजार रुपये. भूमिका काय, तर बॉम्ब ठेवणाऱ्या टोळीतला एक पोरगा. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज. चित्रीकरणाच्या तारखा आणि नाटकाच्या प्रयोगाची तारीख एकच.

मी त्याला विचारलं, “तुला कसं निवडलं?” तो म्हणाला, “आपा, फोटो पाठवला होता. त्यांनी नाव वाचलं.”

रात्री त्याचे वडील आमच्याकडं आले. अब्बा, भाईजान, मी, सगळे बसलो. अम्मीनं चहा केला. वर्षानुवर्षं चाललेला तोच वाद होता, पण कुणाचा आवाज चढला नाही. लागू, देशपांडे, पृथ्वीराज, कुणाचंच नाव निघालं नाही. त्यांच्या नावानं भांडणं सोपं होतं. आता समोर पंधरा हजार होते आणि गाड्यावर दिवसाला किती सुटतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हणाले, जाऊ नये. कारणही सांगितलं. ‘रंगा पतंगा’ नावाचा मराठी चित्रपट २०१६ मध्ये आला होता. त्यात जुम्मन नावाचा मुसलमान शेतकरी आहे. त्याची बैलजोडी हरवते आणि तो ती शोधत वणवण फिरतो. जुम्मनचं काम मकरंद अनासपुरेंनी केलं आणि पाठक त्याचा मित्र झाले. पाहताना मला एकदाही वाटलं नाही की हा माणूस आपला नाही. तो जुम्मनच होता. बैलांसाठी रडणारा मुसलमान पडद्यावर दिसला याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी वर्गात पोरांना त्याची गोष्ट सांगितली. मकरंद अनासपुरे जर इतक्या सहज जुम्मन होऊ शकतात, तर आमच्या पोरानं पाटील का होऊ नये? नाटक त्याला ते होऊ देत होतं. कॅमेऱ्यानं त्याला तो जे आहे असं लोकांना वाटतं, तेच व्हायला बोलावलं होतं. बावन्न माणसं होऊ शकणाऱ्याला एकच माणूस व्हायचं, तोही असा.

बोलून झाल्यावर मला माझीच थोडी लाज वाटली. बी.एड.ला असताना युवक महोत्सवाच्या नाटकात माझं नाव आलं होतं. कुणी अडवलं नाही, घरी विचारलंसुद्धा नाही. मीच घाबरून नको म्हणाले. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या पोराला कलेची निष्ठा शिकवायची, हे बरोबर नव्हे.

भाईजान, जो जन्मभर सिनेमाच्या बाजूनं बोलला, तो म्हणाला, “नक्को जाने दो. मेरी दुकान में लोगां रोज मोबाईल पे ऐसेच चेहरे देखते. फिर मेरेकू देखते.” आणि अब्बा, जे जन्मभर देशपांड्यांच्या बाजूनं, ते म्हणाले, “जाने दो उसकू. देशपांडे साबकू पगार थी. इसकू क्या है?”

पोरगा काहीच बोलला नाही. वडिलांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “उसकी बहन की शादी है, आपा.” मग कुणी काही बोललं नाही.

तो गेला. पाटलाचा फेटा दुसऱ्या पोरानं बांधला. नाटकाला बक्षीस मिळालं की नाही, हे मी विचारलं नाही.

मुंबईला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. रात्रीचे साडेअकरा. “आपा, एक डायलॉग है. ‘क़यामत’ है उसमें. मेरा क़ाफ़ बराबर आरा क्या, देखो ना.” दखनीत आम्ही ‘क़’ला ‘ख’ करून टाकतो; वर्गात मी त्यासाठी रोज पोरांच्या मागं लागते. मी अंथरुणात उठून बसले आणि त्याच्याकडून दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं. क़यामत, क़लम, क़िस्मत. घशाच्या तळातून काढ, घाई करू नको. शेवटी छान आला. असा क़ाफ़ माझ्या वर्गात एकालाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. मी विचारलं, “झालं का?” तो म्हणाला, “हुआ आपा. लेकिन साब बोले, इत्ता साफ मत बोल, शायर लगता. जरा गुंडे जैसा बोल.”

“मग काय केलंस?”

“बोला ना. अपने बाजार में बोलते वैसा बोला.”

मालिका आली तेव्हा भाईजाननं दुकानातल्या मोठ्या पडद्याच्या मोबाईलवर अब्बांना तो प्रसंग दाखवला. अब्बांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, “इसमें उनो कौनसा?” भाईजाननं बोट ठेवून दाखवलं. पाठमोरा होता.