मेवा कुणी खाल्ला

सेवा करील त्याला मेवा मिळेल, हे आपण इतक्या सहज म्हणून जातो की त्यातली रिकामी जागा लक्षातच येत नाही. सेवा कुणाची करायची, हे म्हण सांगत नाही. मेवा कोण देणार, तेही सांगत नाही. ज्याची सेवा केली त्यानेच तो द्यायचा, की आणखी कुणी? आणि मेव्यावर नजर ठेवून जी केली, तिला सेवा म्हणायचं का? शब्दांची जोडीही पाहण्यासारखी आहे. सेवा संस्कृतातली, मेवा फारसीतला, काबूलकडच्या व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून आलेला. यमक जुळलं म्हणून दोघांचा संसार थाटला गेला आणि तो इतका टिकला की आता कुणाला त्यांची माहेरं आठवत नाहीत. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी मासिक काढलं, तेव्हा त्याच्या नावात यातला नेमका मेवाच उचलला: ‘बालबोधमेवा’. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही पुढे त्याचं संपादन केलं. हे नाव दोन तऱ्हांनी वाचता येतं. मुलांना बोध देणारा मेवा, हा सरळ अर्थ. पण कारभाराची लिपी मोडी होती त्या काळात देवनागरीला बालबोध म्हणत. तेव्हा बालबोधीत छापलेला मेवा, असाही अर्थ निघतो. सेवा मात्र नावात नाही. ती छापणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवली असावी, असं मला वाटत आलं आहे.

ती सेवा म्हणजे काय, हे समजून घ्यायला समुद्रापलीकडे बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो. त्याने न पाहिलेल्या मुलाने रविवारी काय शिकावं, हे तो ठरवतो आहे. १८७२ साली अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांच्या परिषदेने एक निर्णय घेतला: सगळीकडे, सगळ्या वयांना, त्या त्या रविवारी एकच पाठ. ही पद्धत लवकरच देशोदेशी गेली. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. ड्रॉइंग परदेशातून येतं, इथला हात ठरल्या क्रमाने ठरलेला बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतो, आणि तोच बोल्ट दुसऱ्या खंडातला हातही तसाच आवळत असतो. शॉपफ्लोअरच्या भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा फलक असतो. त्यावर जपानी शब्द आणि शेजारी त्यांची मराठी: वर्गीकरण, सुव्यवस्था, स्वच्छता. पण ‘कायझेन’ला कुणी मराठी शोधत बसलं नाही, तो तसाच चालतो. कुठला शब्द जसाच्या तसा आणायचा आणि कुठल्याला इथलं नाव द्यायचं, हा निर्णय वरवर बारीक वाटतो. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच ठरते.

मराठी पवित्र शास्त्रात बाप्तिस्मा बाप्तिस्माच राहिला. ब्रेडची मात्र भाकर झाली. पाच भाकरी आणि दोन मासे एवढ्यावर पाच हजार माणसं जेवली, ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या मुलाने ऐकली असेल तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? त्याला पाच भाकरी म्हणजे किती, हे पक्कं ठाऊक होतं. आई परातीत ज्वारीचं पीठ मळून थापते, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवते, उलटते, मग विस्तवाला लावली की पापुद्रा टम्म फुगतो. अशा पाच भाकरी म्हणजे शेतावरून आलेल्या दोन-तीन माणसांचं जेवण. चौथा आला तर चतकोर-अर्ध्यावर भागवायचं. त्यामुळे पाच हजारांचं आश्चर्य त्या मुलाला पोटातून कळलं असणार. हा शब्द समुद्रापलीकडच्या पाठात नव्हता. तो इथल्या चुलीपुढचा आहे, आणि अनुवादाच्या बैठकीत मिशनऱ्याशेजारी मांडी घालून बसलेल्या कुणा मराठी माणसाच्या तोंडून आला असावा. पाठ एकच ठेवायचा होता. भाकरीने तो बदलून टाकला.

इथे कुणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की शब्द गोड असला म्हणून हेतू स्वच्छ होत नाही. दूरच्या परक्या मुलाच्या मनात आपला देव पेरायला निघणं हीच मुळात आगळीक आहे, कारण मूल नाही म्हणू शकत नाही. हा आक्षेप मी बाजूला सारू शकत नाही. खरं तर सुरुवातीला तोच माझा पक्ष होता. गोव्यात तर पुरावा ढळढळीत आहे. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, तो त्या पडझडीनंतरच्या प्रदेशात. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं: मराठी ओव्या, सुमारे अकरा हजार, अक्षरं रोमन. त्याच्या आरंभी ग्रंथाचं निमित्त दिलं आहे. तुम्ही आमची जुनी पुराणं सोडायला लावलीत, तर मन रमावं असं दुसरं पुराण तरी द्या, असं एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो. हे मागणं वाचताना गलबलायला होतं. हातातलं काढून घेतलेला माणूस, ज्याने काढून घेतलं त्याच्याकडेच दुसरं मागतो आहे. स्टीफन्सच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, साष्टीतल्याच राशोलला त्याची ‘दोत्रिन’ छापून झाली. मार्कोस जोर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या प्रश्नोत्तरीवरून ती तयार केली होती, गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात. पोर्तुगालातल्या मुलाला विचारायचा प्रश्न कोकणीत साष्टीतल्या मुलाला विचारला जाऊ लागला. उत्तरही छापलेलंच होतं. पुढे १६८४ मध्ये तर कोकणीच सोडून द्या, असा व्हाइसरॉयचा हुकूम निघाला.

इंग्रजी अमलात तलवार नव्हती, पण मुलाचा प्रश्न होताच. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली, कोर्टाने अल्पवयीन मुलाला त्यांच्या हवाली केलं. मग त्याला परत जातीत घ्यायचं की नाही, यावर वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. एका पोरावर मिशनने, बापाने, कोर्टाने आणि जातीने आपापला निवाडा दिला. त्याचा स्वतःचा निवाडा कुठेच चालणार नव्हता, कारण तो लहान होता.

इथवर आक्षेपाची बाजू भक्कम वाटते. पण तो धरून पुढे गेलं की तो दुसरीकडेही लागू होऊ लागतो. चाकणहून जवळच आळंदी. तिथे विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. मुलं येऊन राहतात, मृदंग शिकतात, गाथा पाठ करतात. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांच्या अभ्यासक्रमाला आणि परीक्षांना पुण्याच्या भारती विद्यापीठाचा हात आहे. म्हणजे इथल्या टेबलावर बसून, न पाहिलेल्या मुलाने शनिवार-रविवारी कोणता सण, कोणता संत, कोणता श्लोक शिकावा हे आपणही ठरवतोच. कुणी म्हणेल, ती आपली मुलं आहेत आणि आईबापांनी मागितलं म्हणून दिलं. हा फरक खरा आहे आणि मी तो मोठा मानतो: आईबापाची परवानगी असणं आणि नसणं एक नव्हे. पण मुलाची परवानगी तर दोन्हीकडे नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये रविवारी सकाळी मराठी, मलयाळी, तमिळ मंडळींची मुलं शब्बाथशाळेला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेला, बसतात, तीही आईबापांनीच पाठवलेली. मग आपलं बोट नेमकं कशावर आहे? दूरवरून येणाऱ्या पाठावर, परक्या देवावर, की लहान मुलाला काहीही देण्यावरच? शेवटचं असेल, तर भाकरीपासूनच नाही म्हणावं लागेल.

म्हणून पुन्हा मेव्याकडे येतो. सेवा मिशनने केली असं धरलं, तर मेवा कुणी खाल्ला? याचं उत्तर शोधताना माझी गाडी सारखी छपाईच्या खिळ्यांपाशी अडते. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम याने देवनागरी टाइपावर फार मेहनत घेतली. तिथे एक गरीब मराठी पोरगा कामाला लागला, जावजी दादाजी. ओतलेले खिळे घासता घासता तो अक्षर ओतण्याची कला शिकला. १८६९ साली त्याने निर्णयसागर छापखाना उघडला, आणि संस्कृतची काव्यं, शास्त्रं, टीका ज्या शुद्ध, देखण्या अक्षरांत देशभर गेल्या ती त्याची अक्षरं. मिशनने ते शिसं ज्यासाठी वितळवलं, आणि त्यातून जे ओतलं गेलं, यांचा मेळ कसा घालायचा? शिशाचा खिळा छापताना उलटा असतो, कागदावर सुलटा उमटतो; पण कुणाच्या पानावर उमटायचं हे तो ठरवत नाही. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, १८४८ मध्ये स्वतःची शाळा काढली, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मराठी मुलांच्या पिढ्यांनी पाठ केली, ती टिळकांची आहे, टिळक पुढे ख्रिस्ती झाले, हे ठाऊक नसतानाही. टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्याच पुलावरून उलट जाणाराही भेटतो. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून संतचरित्रकार महिपतीचे संत इंग्रजीत आणत राहिले. १९३० मध्ये त्यांचा तुकाराम निघाला. नगरच्या मुलासाठी पाठ पाठवणाऱ्या देशातच देहूचा वाणी जाऊन पोचला.

पण हे सगळं सांगून मी मिशनच्या बाजूचा निकाल देतो आहे का? नाही. अनपेक्षित फळ चांगलं आलं म्हणून पेरणाऱ्याचा हेतू धुतला जात नाही. १८१३ मध्ये मुंबईला उतरलेले गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेले. त्यांची सेवा खोटी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या पोटी मेव्याची आशा होती हेही नाकारता येत नाही. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेत ही म्हण बसतच नाही. प्रॉटेस्टंट माणूस मानतो की कृपा कमावता येत नाही, ती फुकट मिळते. सेवेचा मोबदला म्हणून मेवा, हा हिशेब त्या श्रद्धेला मंजूर नाही. तरी शब्बाथशाळेत वचन पाठ केलं की रंगीत चित्र बक्षीस मिळायचंच. मुलांना कृपा कशी शिकवायची, हे तिथेही अवघडच गेलं असणार.

आपल्याकडे अशा फुकटच्या फळाला शब्द आहे: रानमेवा. देहूच्या आसपास भंडारा, घोराडेश्वर आणि चाकणच्या बाजूला भामचंद्र, तुकोबांच्या एकांताचे हे तीन डोंगर. अशा डोंगरउतारांवर चैत्र-वैशाखात करवंदांच्या जाळ्या काळ्या पडतात. त्यांची सेवा कुणी केलेली नसते. पोरं काट्यांतून हात घालतात, चीक बोटांना चिकटतो, कच्चं-पिकं ओळखतात, आंबट निघालं की थुंकतात, गोड निघालं की खिसे भरतात. हा मेवा म्हणीत बसत नाही. इतकी पानं उलटून झाल्यावर माझ्या मनात येतं की मुलं पाठ्यपुस्तकातूनही असंच घेत असतील, पाठ कुठल्याही समुद्रापलीकडून येवो. पण मग लगेच ते साष्टीतलं पोर आठवतं, ज्याचं उत्तर आधीच छापलेलं होतं. त्याला थुंकायची मुभा होती का? आणि आज, पाठ घासूनपुसून, रंगीत होऊन, फाइलच्या रूपात क्षणात येऊन पडतो तेव्हा?

अशा पाठांत हरवलेल्या मेंढराची गोष्ट बहुधा असतेच. रेघांचं चित्र असतं, रंगवायचं असतं. मेंढरू गुबगुबीत, लोकर कुरळी. काढणाऱ्याच्या मनात ते पांढरंच असणार. पण पुण्याच्या आसपास धनगरांचे कळप रस्त्याच्या कडेने चाललेले दिसतात, ट्रक-ट्रेलर थांबवून रस्ता ओलांडताना दिसतात, ती दख्खनी मेंढरं बहुतेक काळी असतात, धुळीने करडी झालेली. खडूंच्या डब्यात पांढरा खडू असतो आणि काळाही. शिक्षकाच्या पुस्तिकेत रंगाबद्दल काही लिहिलेलं नसतं, आणि मूल अजून डब्याकडे बघतंय.