पहाटे चारचं पाणी

चि. छोटीस,

पत्र काल मिळालं. पाचवा मासा गेला हे वाचून वाईट वाटलं, पण त्याच्या पुढचं वाक्य वाचून राग आला. ‘सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट मासा स्वतःवर घेऊन जातो, मीही आता तसंच समजायचं ठरवलंय.’ सासूबाईंना एक अक्षर बोलू नकोस. त्या तुझ्या समाधानासाठी बोलल्या, आणि हे मानणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. पण तू? पाच माशांनी पाच संकटं नेली असतील तर अख्ख्या वालीवमध्ये तुमच्याइतकं सुखरूप घर दुसरं नसेल! या समजुतीत मला एकच खोट दिसते : तिने दुःख हलकं होतं आणि चौकशी तिथेच थांबते. मग सहावा मासा आणला जातो. तू आणणारच आहेस, रविवारी. आणू नकोस.

‘कारण कळत नाही’ हे शब्द तू चार वेळा लिहिले आहेस. कारण तुझ्याच पत्रात आहे, फक्त एका जागी नाही. पाचही मासे तुला सकाळी मेलेले सापडले. दिवसाढवळ्या एकही गेला नाही. आधी ब्लू टँग गेला, मग यलो टँग, मग मोठा डॅमसेल, म्हणजे साधारण आकाराच्या उतरत्या क्रमाने. क्लाउनची जोडी, कोळंबी आणि शंखातला खेकडा शाबूत आहेत. मेलेल्यांची तोंडं उघडी होती आणि कल्ले फाकलेले. अंगावर डाग नाही, जखम नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता 1.025, पीएच 8.3. हे सगळे आकडे तू ऑफिसातून आल्यावर रात्री आठला घेतेस. एका रविवारी सकाळी सहाला पीएच 7.8 आला, तर ‘किट जुनं झालं असेल’ म्हणून तो आकडा तू सोडून दिलास. आणि अगदी शेवटी, जाता जाता : ‘बाळ झाल्यापासून स्किमर रात्री बंद ठेवतो, आवाजाने उठतं.’ छोटी, हे वाक्य पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

तुझे मासे पहाटे गुदमरून मेले, असं माझं म्हणणं आहे. खारं पाणी मुळात प्राणवायूच्या बाबतीत गरीब असतं. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन असतो. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसात. पाणी तीस अंशांवर गेलं की सव्वासहाच्या आत. मे महिन्यात तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर पाणी तीसला टेकत नसेल असं मला सांगू नकोस. आणि पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे साठा आटतो तेव्हाच मागणी चढते. दिवसा दिव्याखाली टाकीतलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, म्हणून संध्याकाळी पाणी सुखी असतं. दिवा मालवला की तेच शेवाळ ऑक्सिजन घ्यायला लागतं. मासे घेतात, दगडांतले जिवाणू घेतात, आणि रात्री दहाला तू जे खाणं टाकतेस त्याचं उरलेलं कुजतानाही घेतं. तळ गाठला जातो तो उजाडायच्या जरा आधी. स्किमर आपण घाण काढायला लावतो, पण तो पाण्यात बारीक बुडबुडे घुसळतो आणि तेच त्याचं निम्मं पुण्य आहे. ते तुम्ही नेमकं गरजेच्या वेळी बंद केलंत. वर धूळ नको म्हणून काचेचं झाकण घट्ट, धूळ नको म्हणून खिडक्याही बंद. पृष्ठभाग हलत नसेल आणि वरची हवा बदलत नसेल, तर पाण्यात ऑक्सिजन उतरणार कुठून? सकाळचा 7.8 हा त्याचाच माग आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठला की पीएच उतरतो. बंद खोलीत माणसं झोपली तरी तो थोडा उतरतो हे मान्य, त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर मी निकाल देणार नाही. पण बाकी साक्षीदारांच्या रांगेत तो बसतो.

आता तुझा दुकानदार म्हणतो, रोग आहे, तांब्याचं औषध टाका. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. खाऱ्या पाण्यात ‘व्हेल्वेट’ नावाचा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो आणि अंगावर काही दिसायच्या आत मासा घेऊन जातो. पण व्हेल्वेट झालेला मासा भरदिवसाही धापा टाकतो, खाणं सोडतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत जाऊन उभा राहतो. तुझे मासे आदल्या रात्री हातातून हिसकावल्यासारखे खात होते, असं तूच लिहितेस. शिवाय रोग मोठा आधी, लहान नंतर अशी आकाराची रांग लावत नाही. प्राणवायूची टंचाई बहुतेक वेळा लावते, हे कोणताही तळ्यावरचा माणूस सांगेल. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असता तर बहुधा ठिपके दिसले असते. आणि समजा माझं चुकलं आणि रोगच निघाला, तरी औषध वेगळ्या भांड्यात द्यायचं, मुख्य टाकीत नाही. तांब्याने तुझी कोळंबी पहिली मरेल, आणि चुनखडीचे दगड आणि वाळू ते तांबं शोषून पुढे कधीतरी परत सोडत बसतील. दुसरी बाटली फॉर्मेलिनची आहे म्हणालीस. फॉर्मेलिन स्वतःच पाण्यातला ऑक्सिजन खातं. गुदमरणाऱ्याच्या तोंडावर उशी ठेवायची असेल तर ते टाक.

जावईबापूंचा संशय कारखान्यांवर. वालीवमध्ये राहून तो येणं साहजिक आहे. खिडकीतून पत्र्याच्या शेड दिसतात, रंगाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, आग लागल्याची बातमी तर दर थोड्या दिवसांनी. स्किमर खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, तेव्हा वाट आहे, हे खरं. तरी धातूचं विष पाण्यात उतरलं असतं तर माशांच्या आधी कोळंबी गेली असती. डासांच्या लिक्विडमधली औषधं तर मासे आणि कोळंबी दोघांनाही भयंकर, आणि तिथेही पहिला मान कोळंबीचाच. ती मिशा हलवत जिवंत आहे, म्हणून हे दोन्ही मी मागे ठेवतो. (लिक्विडचं मशीन मात्र त्या खोलीतून आजच हलव. बाळ आहे तिथे.) सायनाइड वापरून पकडलेल्या माशांचं तू म्हणतेस ते फिलिपिन्समध्ये 1960च्या दशकापासून चालत आलेलं आहे, आणि असा मासा घरी आल्यावरही मरू शकतो. पण तुझे टँग सात महिने टाकीत जगले. इतकी उधारी विष ठेवत नाही.

मग सात महिने काही झालं नाही, ते आताच कसं, हा तुझा सगळ्यात चांगला प्रश्न. सात महिन्यांत मासे वाढले, आणि तीन फुटी टाकीत दोन टँग घालू नयेत हे तुला तेव्हाच सांगितलं होतं, असो. शेवाळ वाढलं. मार्चनंतर ऊन चढलं. बाळ आलं आणि रात्रीचा स्किमर गेला. तुमच्याकडे वीज जाते ती वेगळीच. यातली एकेक गोष्ट टाकीने सोसली असती. शिल्लक दर महिन्याला थोडी थोडी कमी होत गेली आणि आता खातं रात्री तीननंतर उणे होतं. सकाळी दिवा लागला की पुन्हा भरतं, म्हणून आठच्या किटला काही सापडत नाही. त्या किटमध्ये ऑक्सिजनची बाटलीच नाही! जे मोजलंच नाही त्याला आपण ‘अज्ञात’ म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे.

वाळकेश्वरच्या बाणगंगेचंच बघ. सर्वपित्री अमावास्या झाली की तिथे मेलेले मासे तरंगल्याची बातमी किती वर्षं वाचतो आहोत. विष कोणी कालवत नाही. पिंडाचा भात, पीठ, फुलं पाण्यात पडतात, कुजतात, आणि कुजताना माशांच्या वाट्याचा श्वास संपवतात. श्रद्धेने दिलेलं अन्नच तिथे जीव घेतं. तुझं रात्री दहाचं खाणंही प्रेमानेच टाकलेलं असतं ना? आपल्या जिल्ह्यातल्या कोळंबीच्या तळ्यांवर रात्रभर एअरेटर फिरतात, डिझेलचा खर्च सोसून, कारण तिथे एका पहाटेत हंगाम जातो. आणि 1846 मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला नेली, तेव्हा तिच्याकडे ना पंप होता ना किट. तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास ते समुद्राचं पाणी उघड्या खिडकीसमोर या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. पोवळी जगली. उघडी खिडकी आणि ओतणारा हात, एवढ्यावर घरातल्या समुद्राची सुरुवात झाली आहे. पुढे लोकांनी दिवे, रसायनं, मोबाइलवर दिसणारे आकडे सगळं आणलं, आणि ते ओतणं विसरले. तू म्हणशील, मामाची गाडी आली रुळावर. येऊ दे.

तर हे कर. स्किमर आज रात्रीपासून चालू. आवाज होतो तर टाकी हॉलमध्ये हलवा. रिकामी करायला एक रविवार जाईल, मासे आणायला जाणारच होतीस तो. तोवर पंपाचं तोंड वर कर, पृष्ठभाग सतत थरथरला पाहिजे. काचेच्या जागी जाळी बसव, मासे उडी मारणार नाहीत आणि हवाही लागेल. रात्रीचं खाणं संध्याकाळी सहाला दे, निम्मं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेव, पाऊस तोंडावर आलाय. जुलै 2018 मध्ये तुमच्या वसईची काय दशा झाली होती आणि वीज किती वेळ नव्हती ते तुला आठवत असेल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. बाळ तुला पहाटे चारला उठवतंच. तेव्हा मोठा दिवा न लावता टॉर्च मार. क्लाउन वरच्या थराला तोंड लावून असतील तर माझं खरं. खाली आपल्या कोपऱ्यात निवांत असतील तर माझं खोटं, मग व्हेल्वेटचा विचार पुन्हा करू. पीएच तेव्हाही बघ आणि लिहून ठेव, किटला दोष देऊ नकोस. त्याच वेळी फोन केलास तरी चालेल, मी जागा असतो.

एक राहिलं. ज्या खोलीचं मी तीन पानं वर्णन वाचलं, खिडक्या बंद, एसी चालू, लिक्विड लावलेलं, बाहेर ती धूळ, त्याच खोलीत तुम्ही तिघं झोपता. मागच्या पत्रात बाळाला रात्रीचा खोकला होता म्हणाली होतीस. या पत्रात माशांचे आकडे दशांशासकट आहेत आणि खोकल्याचं एक अक्षर नाही. थांबला का? डॉक्टरांकडे गेलात का? हे आधी कळव, मासे नंतर.

तुझा,
मामा